जवारीचा सुटा भाग मिळत नाही

१९५१ च्या फेंडर प्रिसिजन बेसची नेक चार स्क्रूंवर बसते. जुन्या बेसचा पिकअप, ब्रिज, खुंट्या हुबेहूब बनवून मिळतात. मी नागपुरात बसून मागवल्यात. घरच्या तंबोऱ्याची घोडी झिजली तेव्हा मात्र मिरज गाठावं लागलं.

मिरजेत हे काम शिकलगारांचं. मूळ धंदा तलवारींना धार लावण्याचा. एकोणिसाव्या शतकात शस्त्रांचं गिऱ्हाईक आटलं आणि फरीदसाहेब शिकलगार तंतुवाद्यांकडे वळले. आज त्यांच्यातले कित्येक ‘सतारमेकर’ आडनाव लावतात. (आडनाव असावं तर असं!)

तार जिच्यावर टेकते ती घोडी. तिच्या माथ्याला किंचित उतार असतो. तार तिथे निसटती घासते आणि झंकार उठतो, तीच जवारी. घोडी पूर्वी हस्तिदंताची, सांबरशिंगाचीही असे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर ते बंद होत गेलं. आता उंटाचं हाड, लाकूड किंवा कृत्रिम पदार्थ.

मग ‘ओरिजिनल’ काय? माझ्या मते तो उतार. कारागीर तार छेडतो, ऐकतो, कानस फिरवतो, पुन्हा ऐकतो. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला जीआय मानांकन मिळालं. जवारी मात्र वाजवून वाजवून झिजतेच, आणि पुन्हा काढावी लागते.