तळटीप : सामायिक साठवण

* कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या नागरी सुविधा केंद्रांत मालमत्ता कर, पाणीपट्टी, दाखले अशी कामे एकाच छताखाली आली. पुढे राज्य शासनाने हाच नमुना इतर पालिकांसाठी स्वीकारला. अशा कामांच्या नोंदी अनेक सर्व्हरवर असतात; दर सर्व्हरला स्वतंत्र डिस्क दिली, तर एकीकडे जागा पडून राहते आणि दुसरीकडे संपते. स्टोरेज एरिया नेटवर्कमध्ये, म्हणजे सॅनमध्ये, सगळ्या डिस्क सर्व्हरबाहेर एका संचात असतात. सर्व्हर फायबर चॅनल स्विचमधून तिथे पोचतो आणि वाट्याला आलेला भाग, ‘लन’, स्वतःचीच डिस्क समजून वापरतो. कोणाला कोणता लन दिसावा हे झोनिंग आणि मास्किंग ठरवतात. व्यवस्थापकाची खरी कसोटी इथेच लागते : एकच लन चुकून दोन सर्व्हरना दिला, तर दोघेही त्यावर आपापले लिहीत सुटतात आणि काही मिनिटांत नोंदींचा चुथडा होतो. म्हणून लनच्या वाटपातला कोणताही बदल दुसऱ्या माणसाने तपासल्याशिवाय करूच नये.

सगळ्या नोंदी एकाच संचात असल्याने त्यांची प्रत दुसऱ्या जागीही ठेवावी लागते, आणि तेव्हा अंतर मोजावे लागते. फायबरमधून प्रकाशाला किलोमीटरमागे सुमारे ५ मायक्रोसेकंद लागतात. उदाहरणार्थ, ठाणे-कल्याण हे अंतर साधारण २० किलोमीटर, जाऊन-येऊन ०.२ मिलिसेकंद, म्हणजे प्रत्येक नोंद दोन्हीकडे एकदम लिहिणे सहज परवडते. पण २६ जुलै २००५ च्या पावसाने ही दोन्ही शहरे एकाच दिवशी झोडपली. म्हणून तिसरी प्रत दूरच्या शहरात, थोडी मागून पोचणारी, हवीच. शिवाय वेगळा बॅकअपही हवा, कारण चुकून पुसलेली नोंद प्रतींमधूनही तितक्याच तत्परतेने पुसली जाते. — संपादक