उधळ्या पुत्राचा दृष्टान्त

नव्या करारातील लूककृत शुभवर्तमानात (१५ : ११–३२) आलेला येशूचा दृष्टान्त. इतर तीन शुभवर्तमानांत तो नाही. पश्चात्ताप, क्षमा आणि आनंद यांचे ख्रिस्ती जीवनातील नाते इतक्या थोड्या शब्दांत बायबलमध्ये क्वचितच उलगडले आहे.

येशू जकातदारांच्या व पापी लोकांच्या पंगतीला बसतो, अशी परूशी आणि शास्त्री या यहुदी धर्मपुढाऱ्यांची कुरकुर होती. तिला उत्तर म्हणून त्याने तीन दृष्टान्त सांगितले : शंभरांतले हरवलेले मेंढरू, दहांतले हरवलेले नाणे आणि हरवलेला मुलगा.

धाकटा मुलगा बाप हयात असतानाच वाटणी मागतो. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे थोरल्याला दुप्पट हिस्सा मिळे; म्हणजे याच्या वाट्याला एक तृतीयांश. तो पैसा परदेशात उडवतो. पुढे दुष्काळ पडतो आणि यहुद्यांना निषिद्ध असलेली डुकरे राखण्याची पाळी त्याच्यावर येते. त्याचा पश्चात्ताप पोटातल्या भुकेपासून सुरू होतो, हे कथा लपवीत नाही. पापाची कबुली द्यायची, मुलगा म्हणवून घ्यायला आपण लायक उरलो नाही असे सांगायचे आणि मोलकऱ्याची जागा मागायची, असे ठरवून तो घराकडे निघतो. बाप त्याला दुरूनच पाहतो आणि धावत जाऊन मिठी मारतो. कबुली त्यानंतर येते. मोलकऱ्याची जागा मागण्याआधीच झगा, अंगठी, जोडे आणि पोसलेले वासरू आणण्याचा हुकूम सुटतो. दृष्टान्ताचे मर्म येथे आहे. क्षमा ही पश्चात्तापाची मजुरी नव्हे. तरीही पश्चात्ताप अनाठायी ठरत नाही, कारण मुलगा उठून निघाला नसता तर त्या मिठीपर्यंत पोहोचलाच नसता.

थोरल्या भावाचा भाग अनेकदा घाईने वाचला जातो; खरे तर अधिक अवघड तोच. शेतावरून परतताना त्याला गाण्याबजावण्याचा आवाज येतो आणि तो घरात पाऊल टाकायला नकार देतो. धाकट्याचा उल्लेख तो भाऊ म्हणून करीत नाही, बापाचा मुलगा म्हणून करतो; बाप मात्र उत्तर देताना ते भावाचे नाते त्याच्या पदरात परत घालतो. त्याची मनधरणी करायलाही बापच बाहेर आलेला असतो. अखेर तो आत गेला की नाही, हे कथा सांगत नाही. निर्णय कुरकुर करणाऱ्या श्रोत्यांवर सोडलेला आहे.

रेम्ब्रांटने आयुष्याच्या अखेरीस, सुमारे १६६८ मध्ये, बाप आणि धाकट्या मुलाच्या भेटीचे चित्र रंगवले. ते सेंट पीटर्झबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहे. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८० च्या आपल्या विश्वपत्रात दैवी दयेचे विवेचन करताना या दृष्टान्ताचा आधार घेतला. ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये महाउपवासापूर्वीचा एक रविवार या पुत्राच्या नावाने पाळतात. कॅथलिक चर्चमध्ये दर तीन वर्षांनी उपवासकाळाच्या चौथ्या रविवारी हा उतारा वाचला जातो. त्या दिवशी आनंदाची खूण म्हणून धर्मगुरूंना जांभळ्याऐवजी गुलाबी वस्त्रे घालण्याची मुभा असते.