पानिपत आणि संक्रांत

पानिपतचा तिसरा संग्राम मकरसंक्रांतीच्या दिवशी झाला, अशी आपली दृढ समजूत आहे. 'संक्रांत कोसळली' हा वाक्प्रचार त्या दिवसापासूनच रूढ झाला, असेही मोठ्या विश्वासाने सांगितले जाते. दिल्लीकर मराठी माणसास ते रणक्षेत्र काही दूर नाही. 14 जानेवारीस काला आंबच्या स्मारकापाशी मंडळी जमतात, तेव्हा हेच उद्गार कानी येतात. पुण्यपर्व म्हणून पाळला जाणारा दिवस आपल्या एका संपूर्ण पिढीस अशुभ ठरावा, ही विसंगती मनाला बोचते. म्हणून हिशेब तपासून पाहणे इष्ट.

14 जानेवारी 1761 रोजी बुधवार असून शके 1682 मधील पौष शुद्ध अष्टमी होती. आज संक्रांत 14 किंवा 15 जानेवारीस येते, यावरून तेव्हाही ती त्याच दिवशी असली पाहिजे, असे आपण गृहीत धरतो. परंतु आपली संक्रांत नक्षत्रांच्या अनुरोधाने चालते, तर इंग्रजी तारीख ऋतूंच्या अनुरोधाने. नाक्षत्र वर्ष हे ऋतुवर्षाहून सुमारे 20 मिनिटांनी मोठे असल्यामुळे साधारणतः 72 वर्षांत संक्रांत एक दिवस पुढे सरकते. स्वामी विवेकानंदांचा जन्म 12 जानेवारी 1863 रोजी झाला, आणि तो दिवस मकरसंक्रांतीचा होता. तेथून 102 वर्षे मागे गेल्यास, मधल्या लीप वर्षांचा हिशेब धरून, संक्रांत 10 जानेवारीच्या सुमारास येते. तात्पर्य, भाऊसाहेब रणांगणात उतरले तेव्हा संक्रांत होऊन चारेक दिवस लोटले होते. वाक्प्रचाराचे मूळही अन्यत्र शोधणे अधिक सयुक्तिक वाटते. पंचांगातील संक्रांतिफलात ही देवी विशिष्ट वाहनावर बसून येते व जिकडे पाहते तिकडे अनिष्ट घडते, हे वर्णन घरोघरी वाचले जात असे.

संक्रांत अशी सरकत असेल, तर तिचे पुण्य कशात आहे? मूळ कल्पना उत्तरायणाची. दक्षिणेकडे कललेला सूर्य उत्तरेस वळतो, दिवस वाढू लागतो, आणि उपासकाने अंधाराकडून प्रकाशाकडे वळावे, हा त्या दिवसाचा संकेत. वेदांगज्योतिषाच्या काळी हे वळण धनिष्ठारंभी होत असे. इसवी सनाच्या सहाव्या शतकात वराहमिहिराने स्पष्ट नोंदले की, जुन्या शास्त्रांत दक्षिणायनाचा आरंभ आश्लेषार्धी सांगितला असला तरी आता सूर्य कर्कारंभी व मकरारंभी वळतो. संशय असेल त्याने प्रत्यक्ष वेध घेऊन खात्री करून घ्यावी. त्याच्या काळी मकरप्रवेश व उत्तरायण जवळजवळ एकत्र येत. आज सूर्य 21 किंवा 22 डिसेंबरलाच वळतो, आणि आपण तिळगूळ वाटतो तो त्यानंतर तीन आठवड्यांहून अधिक काळ लोटल्यावर.

हा भेद आपल्या विद्वानांनी झाकून ठेवला नाही. विसाजी रघुनाथ लेले, जनार्दन बाळाजी मोडक आणि शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी सायन पंचांगाचा पुरस्कार केला. दीक्षितांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा ग्रंथ 1896 मध्ये प्रसिद्ध झाला. टिळक पंचांगात संक्रांत अद्यापही 10 जानेवारीच्या आसपास येते. 1952 मध्ये मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग-सुधारणा समिती नेमली गेली; नागपूरचे के. ल. दप्तरी व पुण्याचे ज. स. करंदीकर तिचे सभासद होते. तिच्या शिफारशींनुसार 22 मार्च 1957 रोजी, म्हणजे 1 चैत्र शके 1879 रोजी, राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. तिच्यात 1 पौष हा दिवस 22 डिसेंबरला येतो. राजपत्रावर ती मिती छापली जाते. मात्र केंद्रीय कचेऱ्यांत संक्रांतीची ऐच्छिक सुट्टी मिळते ती जानेवारीतच. उत्तरायणाच्या खऱ्या दिवशी आम्ही कारकून मंडळी नित्याप्रमाणे फायली हलवीत असतो.

मग आपले स्नानदान व्यर्थ गेले काय? धर्मशास्त्राचे उत्तर सूक्ष्म आहे. संक्रमणाचा क्षण चर्मचक्षूंना दिसणारा नव्हे. म्हणून त्याच्या भोवतीच्या घटिका पुण्यकाल मानाव्या, असे देवलाचे मत निबंधकारांनी दिले आहे. म्हणजे अचूक क्षण हाती येत नाही, हे मान्य करूनच शास्त्राने आचार बांधला.

याहून मोठे समाधान शंकराचार्यांच्या ब्रह्मसूत्रभाष्यात आहे. शरशय्येवरील भीष्मांनी उत्तरायणाची वाट पाहिली, या कथेवरून दक्षिणायनातील मृत्यू अधम, अशी भीती समाजात रुजली होती. आचार्य म्हणतात की, ज्ञानी पुरुष दक्षिणायनात गेला तरी त्याच्या ज्ञानाचे फळ चुकत नाही. भीष्मांनी वाट पाहिली ती रूढ आचाराचे पालन व्हावे म्हणून, आणि पित्याच्या प्रसादाने लाभलेले इच्छामरण लोकांस कळावे म्हणून. मुक्ती काळाच्या स्वाधीन नाही. काळ हा माणसाच्या सदाचरणास दिलेला एक आधार आहे.

आता पुन्हा पानिपताकडे वळू. गीतेच्या आठव्या अध्यायात प्रकाशमार्गाची जी लक्षणे सांगितली आहेत, त्यांत दिवस, शुक्लपक्ष आणि उत्तरायण यांचा समावेश आहे. पौष शुद्ध अष्टमीस, भर दिवसा, सायन व निरयन या दोन्ही गणनांनी उत्तरायणात विश्वासराव आणि त्यांच्यासवे सहस्रावधी वीर पडले. ज्या वेळेस आपण 'संक्रांत' म्हणून दूषणे देतो, ती शास्त्रदृष्ट्या शुभ होती. पराभव झाला तो अन्नाच्या तुटवड्याने, मित्रांच्या अभावाने, बरोबरच्या यात्रेकरूंच्या व बायकामुलांच्या भाराने आणि अब्दालीच्या युद्धकौशल्याने. ग्रहांना दोष दिला की ही कारणे शोधण्याचे आपले कर्तव्य आपोआप टळते.

काला आंबपाशी 14 जानेवारीस अवश्य जावे. तो दिवस रणाचा आहे आणि तेवढे पुरे आहे. संक्रांतीस तिळगूळ द्यावा, रुसलेल्यांशी बोलावे. आणि जमल्यास 22 डिसेंबरला पहाटे उठून सूर्य कोठे उगवतो ते एकदा डोळ्यांनी पाहावे. वराहमिहिराने तेच करण्यास सांगितले होते.