पायांत पोट असलेला प्राणी

मी बी.ए. झालो, तोही मराठी घेऊन. कॉलेजात सायन्सच्या मुलांचे चिरलेले बेडूक पाहूनच पोटात ढवळायचं. असा मी आज समुद्रकोळ्याच्या पोटाबद्दल बोलणार आहे, आणि ते पोट आहे त्याच्या पायांत!

नावात कोळी असला तरी हा घरातला कोळी नव्हे. याचं धड काडीसारखं, आत जागाच नाही. म्हणून आतड्याच्या फांद्या थेट पायांत उतरतात. फुप्फुसं नाहीत, कल्ले नाहीत. प्राणवायू कातडीतून झिरपतो. हृदय आहे, पण दुबळं. आतडं आकुंचन पावतं आणि त्या हालचालीनं पायांतलं रक्त पुढं सरकतं, हे आर्थर वुड्स आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं.

या प्राण्यावर १८८१ या एकाच वर्षी दोन मोठे ग्रंथ निघाले. एक हूक यांचा, ‘चॅलेंजर’ जहाजाच्या सफरीतल्या नमुन्यांवर. दुसरा नेपल्सच्या आन्तोन डोर्न यांचा. तेव्हा साधनं म्हणजे सुरी, भिंग आणि पेन्सिल.

मला चटका लावून गेली ती मात्र २००४ सालची हकीकत. इंग्लंडातल्या हेरफर्डशरमध्ये, ज्वालामुखीच्या राखेत, सुमारे साडेबेचाळीस कोटी वर्षांपूर्वीचा समुद्रकोळी सापडला होता. जेमतेम काही मिलिमीटरचा, दगडाच्या गाठीत बंद. क्ष-किरणांना दगड आणि प्राणी यांत फरक कळेना. मग सिव्हेटर, सटन, ब्रिग्ज मंडळींनी तो घासायला घेतला. मिलिमीटरचे दोन-तीन शतांश घासायचं, फोटो काढायचा, पुन्हा घासायचं. सगळे फोटो संगणकात रचले तेव्हा प्राणी पायांसकट उभा राहिला. नाव दिलं ‘हॅलिएस्टेस डेसॉस’. युक्ती जुनीच, ऑक्सफर्डचे सोलास विसाव्या शतकाच्या आरंभी असेच जीवाश्म घासत होते.

पण मूळ नमुना? त्याची पूड झाली.

माझ्या वडिलांची एक वही आहे, उर्दू लिपीतली. ओल लागून पानं चिकटलीत. सोडवायला जावं तर फाटतील. मी ती तशीच ट्रंकेत ठेवलीय. त्या शास्त्रज्ञांच्या जागी मी असतो, तर तो दगडही ट्रंकेतच राहिला असता आणि आत काय आहे ते कुणालाच कळलं नसतं.

आजच्या समुद्रकोळ्यांना ही शिक्षा नाही. २०२२ मध्ये फ्रँकोव्स्की, मियाझाकी आणि ब्रेनाइस यांनी सूक्ष्म सीटी स्कॅन करून त्यांच्या मज्जासंस्थेचा आणि आतड्याचा नकाशाच छापला. तिथं प्राणी घासावा लागत नाही.