डिझेलचा पंप आणि हमीचा कागद

धुळ्याला दोन जुने महामार्ग एकमेकांना छेदतात. एक मुंबईहून आग्र्याला जाणारा, दुसरा सुरतेहून जळगाव, भुसावळ, नागपूर करत कोलकात्याला जाणारा. २०१० साली महामार्गांचे क्रमांक बदलले, तरी ट्रकवाल्यांच्या तोंडी अजून ‘तीन नंबर’ आणि ‘सहा नंबर’च आहे. या रस्त्यांच्या कडेला टायर, वेल्डिंग, पाटे यांच्या काळ्याकुट्ट दुकानांच्या रांगेत एखादे दुकान वेगळे दिसते. दार लावलेले, फरशी पुसलेली, आत काचेच्या उभ्या नळ्यांची रांग असलेले एक यंत्र. पाटीवर ‘डिझेल पंप व नोझल’ असे लिहिलेले. पेट्रोल पंपाशी याचा काही संबंध नाही. इंजिनाच्या कडेला बसवलेला, प्रत्येक सिलिंडरला मोजून डिझेल देणारा जो पंप असतो, त्याच्या दुरुस्तीचे हे दुकान.

इथे येणाऱ्या गाडीमालकांची एक तक्रार आम्ही इतक्या वेळा ऐकली आहे की ती आता पाठ झाली आहे. गाडी नवी, हमीची मुदत चालू, आणि पंप गेला. कंपनीच्या वर्कशॉपने पंप उघडला आणि सांगितले, ‘डिझेल खराब होते, हे हमीत बसत नाही.’ जिथे डिझेल भरले तिथे जावे तर तो विक्रेता टँकरचे चलन पुढे करतो. मालक दोघांच्या मध्ये उभा. यात खोटे कोण बोलतो? आमच्या मते पुष्कळदा कोणीच नाही, आणि भांडण मिटत नाही ते त्यामुळेच. त्याचे मूळ शोधायला शंभराहून अधिक वर्षे मागे जावे लागते.

रुडॉल्फ डिझेल याने १८९२ साली आपल्या इंजिनाच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १८९७ मध्ये जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे त्याचे इंजिन नीट चालले. तत्त्व वर्गात सांगण्याइतके सोपे आहे. सायकलमध्ये हवा भरताना पंप तळाशी गरम होतो, हे मुलांना ठाऊक असते. हवा त्याहून कितीतरी जास्त दाबली तर ती इतकी तापते की तीत शिरलेले तेल ठिणगीवाचून पेट घेते. अडचण पुढची आहे. आधीच दाबलेल्या हवेत तेल घुसवायचे कसे? डिझेलने त्याहूनही जास्त दाबाच्या हवेच्या झोताबरोबर तेल आत फुंकले. त्यासाठी वेगळा, अवजड कॉम्प्रेसर लागे. कारखान्यात किंवा जहाजावर ते चालून गेले, ट्रकवर चालणे शक्य नव्हते. हवेची मदत न घेता नुसत्या पंपाने तेल ढकलण्याचे प्रयत्न अनेकांनी केले. स्टुटगार्टच्या रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्याने १९२२ साली हे काम हाती घेतले आणि १९२७ मध्ये तिथे अशा पंपांचे नियमित उत्पादन सुरू झाले. डिझेल ट्रक रस्त्यावर सर्रास दिसू लागले ते त्यानंतर.

हे काम किती अवघड होते याचा अंदाज मुलांकडून गणितानेच काढून घेता येईल. सहा सिलिंडरचे इंजिन मिनिटाला २००० फेरे घेत आहे आणि तासाला १८ लिटर डिझेल पीत आहे असे धरा. चार फटक्यांच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन फेऱ्यांत एकदा डिझेल लागते. म्हणजे मिनिटाला ६०००, तासाला ३,६०,००० वेळा. १८ लिटरला या संख्येने भागले की उत्तर येते ०.०५ मिलिलिटर, म्हणजे जेमतेम एक थेंब. हा थेंब सुमारे दोन सहस्रांश सेकंदात, शेकडो वातावरणांच्या दाबाने, सहाही सिलिंडरना सारखाच मिळाला पाहिजे. एकाला थोडा जास्त गेला की इंजिन धूर ओकते, कमी गेला की थरथरते.

यासाठी पंपात पोलादाचा एक बोटाएवढा दट्ट्या, म्हणजे प्लंजर, पोलादाच्याच नळीत वरखाली होतो. त्याला रबराचे वायसर नाही, रिंग नाही. दट्ट्या आणि नळी यांच्यातली फट दोन ते चार मायक्रॉन. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. दोन्ही भाग कारखान्यात एकमेकांवर घासून जोडीने तयार करतात, आणि एका जोडीचा दट्ट्या दुसऱ्या जोडीत बसत नाही. या फटीला वंगण कशाचे? डिझेलचेच. इंजिनाचे ऑइल इथवर पोचू देता येत नाही. जो माल पंपाने वाहून न्यायचा, त्याच मालाने पंपाला झिजण्यापासून वाचवायचे, अशी ही रचना आहे. त्यामुळे १९२७ पासून प्रत्येक पंपाचे आयुष्य, तो बनवणाऱ्याच्या हातात नसलेल्या एका वस्तूवर अवलंबून राहिले. हमीच्या कागदावर इंधनाबद्दलची ओळ येते ती इथून.

भारतात हा पंप बनू लागला तो स्वातंत्र्यानंतर. १९५१ साली बंगळूरला मोटर इंडस्ट्रीज कंपनी, म्हणजे ‘मायको’, स्थापन झाली, बॉशच्याच सहकार्याने. पुढे आपल्या नाशिकलाही तिचा कारखाना आला. १९५४ मध्ये टाटांनी डायम्लर-बेंझशी करार करून जमशेदपूरला डिझेल ट्रक बांधायला सुरुवात केली. २००८ साली मायकोचे नाव बदलून बॉश लिमिटेड झाले, पण जुने मिस्तरी अजून पंपाला मायकोच म्हणतात. खानदेशात ट्रकचे महत्त्व वेगळे सांगायला नको. रावेर, यावल, सावदा, फैजपूरकडची केळी पूर्वी रेल्वेच्या वाघिणींतून दिल्लीकडे जात, त्यांतली बरीचशी पुढे ट्रकवर आली. केळी वाट पाहत नाहीत. सेंधव्याच्या अलीकडे बिजासन घाटात पंप बसला आणि गाडी दोन दिवस उभी राहिली, तर मालाचे काय होते ते बागाइतदाराला विचारावे. हमी मिळालीच तर ती पंपाची आणि मजुरीची असते. पिकलेल्या केळ्यांची नसते.

आता या फटीत काय काय शिरते ते पाहू. पाणी शिरले तर पोलादावर गंजाचे ठिपके पडतात. धूळ शिरली तर दट्ट्यावर उभे ओरखडे उठतात. इंधन पातळ आणि कोरडे असेल तर ओरखडे दिसत नाहीत, पण दट्ट्या घासून चकचकीत होतो किंवा नळीत चिकटून बसतो. सहाही दट्टे सारखेच झिजले असतील तर बहुधा इंधनाकडे बोट दाखवावे लागते. एकच गेला असेल तर त्या जोडीच्या बनावटीचा संशय घ्यायला जागा असते. अनुभवी मिस्तरी भिंगाखाली दट्ट्या धरून हे ओळखतो. मात्र ओरखडा पडला एवढेच तो सांगू शकतो. ती धूळ टँकरमधली, विक्रेत्याच्या टाकीतली, की गाडीचा फिल्टर वेळेवर न बदलल्यामुळे आलेली, हे पोलादावर लिहिलेले नसते.

पातळ इंधनाचा प्रश्न आपल्याकडे दोन कारणांनी बिकट झाला. पहिले कारण ऊन. डिझेलचा दाटपणा प्रयोगशाळेत ४० अंश सेल्सियसला मोजतात. मे महिन्यात जळगाव-भुसावळला सावलीतली हवाच त्याच्या वर असते, मग तापलेल्या रस्त्यावरच्या टाकीतले डिझेल किती पातळ होत असेल! दुसरे कारण माणसांनी केलेले. शिधावाटपाचे रॉकेल डिझेलपेक्षा खूप स्वस्त होते. २०११ च्या आरंभी हे प्रमाण जवळजवळ एकास तीन होते. रॉकेल डिझेलमध्ये बेमालूम मिसळते, इंजिनही चालते, फक्त पंपाचे वंगण कमी होते.

मनमाडजवळ पानेवाडीला तेलाचे मोठे साठे आहेत आणि उत्तर महाराष्ट्राकडे जाणारे टँकर तिथे भरतात. २५ जानेवारी २०११ रोजी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांनी त्या परिसरात भेसळीचा प्रकार पाहून गाडी थांबवली. भेसळ करणाऱ्यांनी त्यांना जिवंत जाळले. सारा महाराष्ट्र त्या बातमीने हादरला. पंपाच्या दुकानातल्या किरकोळ वाटणाऱ्या वादामागे केवढा व्यवहार उभा होता, हे त्या दिवशी कळले. पुढे २०१६ पासून शिधावाटपाच्या रॉकेलची किंमत टप्प्याटप्प्याने वाढवत नेली, आणि त्या भेसळीचे मोठे आमिष ओसरले.

ही भेसळ सहज का पकडता येत नसे? प्रत्येक विक्रेत्याकडे घनतामापी असतो आणि ग्राहकाने मागितल्यास घनता तपासून दाखवावी लागते. डिझेलची घनता लिटरला ८३५ ग्रॅम आणि रॉकेलची ७९५ ग्रॅम धरू. दहा टक्के रॉकेल मिसळल्यावर मिश्रण येते ८३१ ग्रॅमवर, पाच टक्क्यांना ८३३ वर. चलनावरच्या आकड्यापासून तीन ग्रॅमपर्यंतचा फरक चालतो. म्हणजे दहा टक्के पकडले जाईल, पाच टक्के सुटेल. शिवाय ट्रकच्या टाकीत तीन ठिकाणचे डिझेल एकत्र झालेले असते.

वाचकांना वाटेल की भेसळ नसती तर हे भांडण झालेच नसते. तसे नाही, आणि इतिहासातली आम्हाला सर्वांत उद्बोधक वाटणारी गोष्ट हीच आहे. १९९१ साली स्वीडनने हवा स्वच्छ ठेवण्यासाठी जवळजवळ गंधकविरहित डिझेलला करात सवलत दिली. इंधन उत्तम, शुद्ध, प्रमाणित. थोड्याच काळात गाड्यांचे पंप झिजून बंद पडू लागले, विशेषतः ज्यांचे सगळेच वंगण डिझेलवर अवलंबून होते असे फिरत्या रचनेचे पंप. १९९३ मध्ये अमेरिकेने गंधक कमी केल्यावर तिथेही तक्रारी आल्या. गंधक स्वतः वंगण नव्हे. पण ते काढण्यासाठी तेलावर हायड्रोजनची प्रक्रिया करतात, तेव्हा ऑक्सिजन आणि नायट्रोजन असलेले काही सूक्ष्म घटकही निघून जातात, आणि पोलादाला चिकटून बसणारा थर त्यांचाच असतो. इथे पंप निर्दोष होता, इंधनही कागदावर निर्दोष होते. दोष होता तो कोणी मोजतच नसलेल्या एका गुणात.

मग मोजमाप शोधले गेले. सहा मिलिमीटरची पोलादी गोळी इंधनात बुडवलेल्या चकतीवर दोनशे ग्रॅम भाराने, सेकंदाला पन्नास वेळा, पंचाहत्तर मिनिटे घासायची, तपमान ६० अंश. नंतर गोळीवरचा घासल्याचा डाग सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचा. डाग ४६० मायक्रॉनपेक्षा मोठा नको. ही मर्यादा युरोपने घेतली आणि भारतीय मानकातही आली. कमी पडणारा वंगणगुण आता तेलशुद्धीकरण कारखाने चिमूटभर रसायन घालून भरून काढतात. आपल्याकडे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला डिझेलमध्ये एक टक्क्यापर्यंत गंधक चालत असे, १ एप्रिल २०२० पासून दशलक्षात दहा भाग. हजारपट घट! हे रसायन नसते तर आपल्या रस्त्यांवर स्वीडनचीच पुनरावृत्ती झाली असती.

दरम्यान पंपही बदलला. १९९५ साली जपानमध्ये ट्रकसाठी ‘कॉमन रेल’ पद्धत बाजारात आली, आणि प्रदूषणाचे नियम कडक झाल्यावर आपल्याकडेही ती रूढ झाली. जुन्या गाडीत नोझल साधारण २०० बार दाबाला उघडे, नव्यात २००० बारपर्यंत दाब असतो. समुद्राच्या सर्वांत खोल तळाशी, अकरा किलोमीटरवर, सुमारे ११०० बार असतो, त्यावरून कल्पना करावी. असा पंप आतून झिजला की पोलादाचा चुरा रेलमध्ये, तिथून सगळ्या इंजेक्टरांत जातो आणि पूर्ण संचच बदलावा लागतो. खर्च वाढला तसे हमीचे वादही मोठे झाले. पंपाला शिशाचे सील असते. ते मालकाने तोडले तर हमी संपते, म्हणून उघडणार कंपनीचेच वर्कशॉप, आणि भिंगातून पाहणारा डोळाही त्यांचाच. मिस्तरी प्रामाणिक असेलही. पण वादातल्या एका पक्षानेच पंचनामा करावा, हे आम्हाला पटत नाही.

कायद्याकडे जावे तर पहिला प्रश्न येतो: ट्रकमालक ग्राहक आहे का? १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने व्यापारी हेतूने घेतलेल्या वस्तू वगळल्या होत्या. १९९३ मध्ये त्याला स्पष्टीकरण जोडले गेले की स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूची मानू नये. १९९५ साली लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याचा अर्थ उलगडला. खटला एका यंत्राचा होता आणि निकाल खरेदीदाराच्या विरुद्ध गेला, पण न्यायालयाने उदाहरण दिले ते ट्रकचेही: स्वतः ट्रक चालवून भाडे मारणारा माणूस ग्राहक आहे. २०१९ च्या नव्या कायद्यातही हे स्पष्टीकरण कायम आहे. म्हणजे यावलचा एका गाडीचा मालक-चालक आयोगापुढे उभा राहू शकतो, दहा गाड्या पगारी चालकांवर सोडणाऱ्याला सहसा दिवाणी न्यायालयाची वाट धरावी लागते.

आयोगाला वस्तूचा नमुना सील करून प्रयोगशाळेकडे तपासणीला पाठवता येतो. दट्ट्या पाठवता येईल. डिझेल मात्र बहुतेक जळून गेलेले असते.

जळगावच्या एका पंपवाल्या मिस्तरींनी यावर आपल्यापुरता एक उपाय केला आहे. पंप दुरुस्तीला आला की मालकासमोर फिल्टरच्या वाटीतले डिझेल ते पांढऱ्या काचेच्या बाटलीत ओततात, बाटलीला तारीख आणि गाडीचा नंबर चिकटवतात आणि रात्रभर हलवत नाहीत. आम्ही विद्यार्थ्यांना घेऊन गेलो तेव्हा फळीवर अशा सात बाटल्या होत्या. मुलांनी त्या एकेक करून उजेडात धरल्या. पाच स्वच्छ होत्या. दोघींच्या तळाशी पाण्याचा थर स्पष्ट दिसत होता, एकीत तर बोटभर. ‘सर, हिला हलवू देऊ नका,’ मिस्तरी म्हणाले, ‘हिचा मालक उद्या कंपनीच्या माणसाला घेऊन येणार आहे.’