उंदीर, ससा आणि सात ओळींचं टिपण

गेल्या रविवारी भाचीचा फोन आला. ती मानसशास्त्रात एम.ए. करतेय. "मावशी, वीस पेपरांची अ‍ॅनोटेटेड बिब्लिओग्राफी द्यायचीय. जरा नजर टाकशील?" ज्यांचा या प्रकाराशी कधी संबंध आला नाही, अशा नातेवाईक मंडळींसाठी सांगते, ही म्हणजे सटीप संदर्भसूची. प्रत्येक संदर्भाखाली सहा-सात ओळी लिहायच्या. प्रश्न काय होता, कुणावर आणि कसा अभ्यास केला, काय सापडलं, उणीव कोणती आणि माझ्या विषयाला त्याचा उपयोग काय.

तिचा विषय लहान मुलांची भीती. त्यामुळे यादीत पहिला मान अर्थातच जॉन वॉटसन आणि रोझॅली रेनर यांच्या १९२० च्या पेपरला. खाली टिपण होतं : 'अल्बर्ट नावाच्या बाळाला पांढऱ्या सशाची भीती बसवली. मग त्याला मांजर, टेडी बेअर, आईचा फरचा कोट, सगळ्याचीच भीती वाटू लागली. शेवटी ती भीती घालवण्यात आली.'

वाचून आधी हसू आलं आणि मग ओशाळल्यासारखं झालं. कारण माझ्या वेळी परीक्षेत मीही जवळजवळ हेच लिहिलं होतं, आणि चांगले मार्कही मिळवले होते!

"मूळ पेपर वाचलास का?"

"अगं, पाच पुस्तकांत हेच आहे."

पेपर जेमतेम चौदा पानांचा. म्हटलं, चल, दोघी मिळून वाचू. ती तिकडे, मी इकडे, फोन स्पीकरवर.

तर मूळ गोष्ट अशी. ससा नव्हे, पांढरा उंदीर. बाळ अकरा महिन्यांचं. त्याची आई बाल्टिमोरच्या हॅरिएट लेन होम या मुलांच्या इस्पितळात दूध पाजणारी दाई होती. बाळानं उंदराकडे हात नेला की त्याच्या मागे पोलादी कांबीवर हातोडा हाणायचा. पहिल्या दिवशी दोनदा, आठवड्यानं पाचदा. मग नुसता उंदीर दिसला तरी बाळ रडून रांगत पळू लागलं. पुढे ससा, कुत्रा, फरचा कोट, कापूस, सांताक्लॉजचा मुखवटा, सगळं दाखवून झालं. मांजर नाही, टेडी बेअर नाही. मधेच ससा आणि कुत्रा दाखवतानाही कांब वाजवली होती, म्हणजे उंदराची भीती आपोआप इतरांकडे पसरली हा निष्कर्षही वाटतो तितका स्वच्छ नाही. आणि एक बारीकशी नोंद. बाळ अंगठा चोखत असलं की भीती वाटतच नसे, मग अंगठा तोंडातून काढावा लागे. हे वाचल्यावर भाची बराच वेळ गप्प होती.

आणि तो गोड शेवट? तो या पेपरात नाहीच. बाळ इस्पितळातून गेलं आणि भीती घालवायची राहून गेली. सशाची भीती घालवली गेली ती पीटर नावाच्या दुसऱ्याच मुलाची. तो प्रयोग मेरी कव्हर जोन्स यांनी १९२४ साली प्रसिद्ध केला. मुलगा आवडीचं खात असताना ससा हळूहळू जवळ आणत न्यायचा. एका मुलाचं सुख असं दुसऱ्याच्या नावावर लागलं.

ही सगळी गंमत (खरं तर गंमत कसली) बेन हॅरिस यांनी १९७९ साली 'अमेरिकन सायकॉलॉजिस्ट'मध्ये मांडली. पाठ्यपुस्तकांतले मांजर, टेडी बेअर, मावशीचे फर असे एकेक भर घातलेले तपशील त्यांनी वेचून दाखवले. वॉटसन यांच्या स्वतःच्या नंतरच्या वर्णनांतही फरक पडत गेला होता. बाळ जाणार हे प्रयोग करणाऱ्यांना महिनाभर आधी माहीत होतं, हेही हॅरिस यांनी लक्षात आणून दिलं. म्हणजे 'वेळ मिळाला नाही' हेसुद्धा तपासूनच घ्यायला हवं.

याद्यांचा इतिहासही बघण्यासारखा आहे. 'सायकॉलॉजिकल इंडेक्स' १८९४ च्या लेखनापासून दरवर्षी निघू लागली, त्यात मुख्यतः नावांची यादी. १९२७ साली 'सायकॉलॉजिकल अ‍ॅबस्ट्रॅक्ट्स' आलं, त्यात सारांश मिळू लागले. १९६७ पासून हे काम संगणकावर जाऊ लागलं, आणि २००६ नंतर छापील अंक बंद झाले. शोधणं दर पायरीला सोपं झालं. पण नाव कळणं वेगळं, सारांश कळणं वेगळं. सारांशात लेखाचा गाभा कळतो. टिपणात मात्र वाचणारा म्हणतो की मी हे पाहिलं आणि मला ते असं दिसलं. ती साक्ष असते. न पाहता दिलेल्या साक्षीला आपण काय म्हणतो, ते सांगायला नको.

पाच पुस्तकांत एकच गोष्ट आहे म्हणजे पाच साक्षीदार झाले असं नाही. चौघांनी पाचव्याचं ऐकलेलं असू शकतं. मीही त्याच रांगेत उभी होते की!

रात्री अकराला भाचीचं नवं टिपण आलं. शेवटची ओळ होती : 'एकाच बाळावरचा प्रयोग. भीती घालवल्याची नोंद नाही.' खाली मेसेज, "मावशी, आता उरलेले एकोणीस पण उघडावे लागणार ना?"

लागणार, बाळा. असो. आता मला माझ्या जुन्या वह्या काढायची भीती वाटतेय!