पडद्यावरचा ख्रिस्त आणि जोडलेले हात

मुंबईत गिरगावात 'अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेस' नावाचे एक चित्रपटगृह होते. तेथे वयाची चाळिशी गाठलेल्या एका गृहस्थाने प्रभू येशूच्या जीवनावरील एक मूकपट पाहिला. त्यांचे नाव धुंडिराज गोविंद फाळके. १९१७ साली 'नवयुग' मासिकात लिहिताना त्यांनी हा प्रसंग नाताळातील शनिवारचा सांगितला आहे, म्हणजे १९१० सालचा. काही अभ्यासक मात्र १९११ चा ईस्टर धरतात. आम्हांस नाताळ अधिक रुचतो, परंतु रुचणे हा काही पुरावा नव्हे.

त्या काळी फ्रान्समधील पाथे आणि गोमाँ ह्या दोन्ही कंपन्यांनी ख्रिस्तचरित्रावर चित्रपट काढले होते. गोमाँचा १९०६ सालचा चित्रपट आलिस गी ह्या स्त्रीने दिग्दर्शित केला होता. गव्हाणीपासून रिकाम्या कबरीपर्यंतचे पंचवीस देखावे त्यात एकामागून एक मांडलेले. आजच्या प्रेक्षकाला ती हालणारी चित्रपोथीच वाटेल. पण गिरगावातल्या त्या अंधारात फाळके प्रभूच्या जीवनातील उदात्त प्रसंगांना नकळत टाळ्या वाजवीत होते, आणि त्याच वेळी त्यांच्या मनश्चक्षूंपुढे श्रीराम, श्रीकृष्ण, गोकुळ आणि अयोध्या उभी राहत होती. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. त्याच दिवशी दुसरे तिकीट काढून त्यांनी तो चित्रपट पुन्हा पाहिला. पुढे पत्नी सरस्वतीबाईंनाही तो दाखविला.

ह्या टाळ्यांविषयी आम्ही बराच विचार केला आहे. सेमिनरीत असताना हा प्रसंग प्रथम वाचनात आला तेव्हा, खरे सांगायचे तर, आम्हांस थोडी खंतच वाटली होती. मनुष्य ख्रिस्ताकडे पाहतो आणि त्याला कृष्ण दिसतो! शुभवर्तमान दारापर्यंत आले आणि तेथूनच परत गेले, अशी काहीशी ती भावना होती. आता पंचविसाहून अधिक वर्षे धर्मग्रामांत घालविल्यावर त्या खंतीचे आम्हांस हसू येते. फाळके ख्रिस्ताला टाळून कृष्णाकडे गेले नाहीत. मनात बाळपणापासून जे पवित्र म्हणून वसलेले होते, ते ख्रिस्ताच्या दर्शनाने जागे झाले. टाळ्या प्रभूसाठी होत्या. तळमळ आपल्या लोकांसाठी होती.

ती तळमळ घरच्यांना फार महागात पडली. छपाईचा धंदा सुटलेला, हाती पैसा नाही. एक लहानसे यंत्र आणि काही रिळे आणून ते रात्री घरी मेणबत्तीच्या उजेडात भिंतीवर चित्रे पाडीत आणि पाहत बसत. थिएटरात पाहिलेले घरच्या भिंतीवर आणण्याची ती आपल्याकडील अगदी आरंभीची खटपट म्हणावी लागेल. झोप नाही, विश्रांती नाही. डोळे इतके बिघडले की काही काळ दिसेनासे झाले. डॉक्टरांच्या उपचारांनी दृष्टी परत आली. मग विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून १९१२ च्या फेब्रुवारीत ते इंग्लंडला गेले, यंत्रसामग्रीची खरेदी ठरवून परतले, आणि दादरच्या घरात कारखाना सुरू झाला. फिल्मला दोन्ही कडांनी भोके पाडण्याचे काम सरस्वतीबाई अंधारात बसून करीत. शिवाय सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही त्यांच्याकडेच. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात 'राजा हरिश्चंद्र' लागला. भारतीय चित्रपटाच्या इतिहासाची पुस्तके येथून सुरू होतात. आमच्या मते ती एक पान अलीकडे, गव्हाणीच्या देखाव्यापासून सुरू व्हावयास हवीत.

१९१७ साली फाळक्यांचे 'लंकादहन' आले. त्यात अण्णा साळुंके ह्यांनी राम आणि सीता ह्या दोन्ही भूमिका केल्या होत्या. पडद्यावर प्रभू रामचंद्र दिसताच प्रेक्षक पायांतील वहाणा काढून हात जोडीत. पुरुषाने वठविलेली सीता आपण पाहत आहोत हे त्यांना कळत नव्हते काय? कळत होते. तरीही ते हात जोडीत.

आम्हांस हे समजण्यास आजीचा आधार होतो. आमच्या लहानपणी उपवासकाळात एके रात्री चर्चच्या पटांगणात दोन बांबूंना पांढरी चादर ताणून प्रभूच्या दुःखसहनाचा चित्रपट दाखवीत. प्रोजेक्टर मध्येच बंद पडे, रीळ बदलेपर्यंत पोरे चादरीवर हातांची हरणे नाचवीत. पण क्रूस खांद्यावर आला की पटांगण चिडीचूप. आमची आजी धुळीत गुडघे टेकून प्राण सोडण्याच्या प्रसंगापर्यंत तशीच राहत असे. तो ख्रिस्त गोरापान, निळ्या डोळ्यांचा; भाषाही तिला न समजणारी. तिचे काही अडले नाही.

पुढे १९८७ च्या जानेवारीत दूरदर्शनवर 'रामायण' सुरू झाले. रविवारी सकाळी साडेनऊला. दुसऱ्या मिस्सेहून आम्ही पोरे धावत शेजारच्या काकींच्या घरी जात असू. (प्रवचन लांबले की आमची चुळबुळ वेदीवरूनही दिसत असावी.) काकी टीव्हीला हार घालीत, उदबत्ती लावीत, आणि आम्हांला चपला बाहेर काढायला सांगत. काही वर्षांनी सेमिनरीत एका निबंधात आम्ही ह्या प्रकाराला ऐटीत 'भाबडी मूर्तिपूजा' असे नाव दिले. वृद्ध प्राध्यापकांनी वही परत देताना एवढेच विचारले, "आणि तुझी आजी चादरीपुढे गुडघे टेकायची, त्याला काय म्हणशील?" निबंध आम्हांस पुन्हा लिहावा लागला.

ख्रिस्तसभेनेही ह्या बाबतीत आपला निबंध पुन्हा लिहिला आहे. अकरावे पायस ह्यांच्या १९३६ च्या परिपत्रकात सावधगिरीचा सूर मोठा होता. १९९५ मध्ये चित्रपटकलेची शंभर वर्षे झाली तेव्हा व्हॅटिकनने पंचेचाळीस उल्लेखनीय चित्रपटांची यादी काढली, आणि तीत पाथे कंपनीच्या जुन्या ख्रिस्तचरित्राबरोबर पाझोलिनींचे १९६४ चे 'मत्तयकृत शुभवर्तमान' घेतले. पाझोलिनी मार्क्सवादी होते. साध्या माणसांना घेऊन त्यांनी चित्रपट केला, क्रूसापायीची मरिया म्हणून स्वतःच्या आईला उभे केले. तो आम्ही एका खोलीत व्हिडिओवर, फिकट झालेल्या टेपवर पाहिला आणि नंतर बराच वेळ कोणी बोलले नाही. उलट २००४ साली मेल गिब्सन ह्यांचा 'पॅशन' भरल्या थिएटरात पाहताना, फटक्यांच्या दृश्यात आम्ही डोळे मिटून घेतले. शेजारी एक तरुण हुंदके देत होता. आमची प्रतिक्रिया खरी की त्याची, हे ठरविण्याच्या भरीस आता आम्ही पडत नाही.

मग २०२० साल आले. चर्चची दारे बंद. पवित्र आठवड्याचे सर्व विधी आम्ही रिकाम्या बाकांसमोर, तिपाईवर बसविलेल्या मोबाइलकडे पाहून केले. ज्याने टीव्हीपुढच्या उदबत्तीवर निबंध लिहिला होता, तोच आता टीव्हीतला झाला होता. योगायोग असा, की लोक घरी अडकलेले म्हणून दूरदर्शनने २८ मार्चपासून 'रामायण' पुन्हा दाखवावयास घेतले होते, सकाळी नऊ आणि रात्री नऊ. ईस्टरची, १२ एप्रिलची आमची मिस्साही सकाळी नऊचीच होती.

दारे उघडल्यावर आमच्या धर्मग्रामातील एक वृद्ध मावशी भेटावयास आल्या. त्या म्हणाल्या, "फादर, मी टीव्हीपुढं मेणबत्ती लावली, चपला काढल्या नि गुडघे टेकले. सून हसली. चुकलं का हो माझं?"

आम्ही म्हणालो, "नाही, मावशी."

"पलीकडच्यांकडं रामायण चालू होतं," त्या म्हणाल्या. "मधे नुसती भिंत. आमची मिस्सा ऐकू आली तसा त्यांनी आवाज बारीक केला. मग मीपण आमचा केला."